तीन वस्त्यांचा एक शेजारी

बेकतुर्गान हा माणूस मिशी फुटल्यापासून पासष्टीपर्यंत जवळजवळ चाललाच नाही. अडतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर हाकला आणि निवृत्त झाल्यावर टँकरची सवय जुन्या हिरव्या जीपवर भागवली. शेजारी साठ पावलांवर चहाला बोलावलं तरी हा जीप काढायचा, गिअर टाकायचा, दारात हॉर्न वाजवायचा. परसात कोंबड्यांना दाणे घालायलासुद्धा त्याने एकदा जीप नेली होती. एक कोंबडी कमी झाली तेव्हा कुठे राबिगाने, म्हणजे त्याच्या बायकोने, परसाला फाटक लावून घेतलं.

असल्या माणसाचं लायसन गेलं, आणि गेलं तेही केवळ पाठांतरामुळे.

आपल्याकडे डोळे तपासायची पाटी सगळ्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं एकच. तीच अक्षरं, त्याच ओळी. ताराझ शहरातल्या यच्चयावत ड्रायव्हरांना ती तोंडपाठ असते. बेकतुर्गान तर शेवटची ओळ उलटीसुद्धा म्हणून दाखवायचा, लग्नाकार्यात लोक फर्माईश करायचे. यंदा मात्र दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली आणि तिने पाटी बदलली. बेकतुर्गान खुर्चीत ताठ बसला, एक डोळा झाकला आणि खड्या आवाजात वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं म्हणून मोकळा झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजोबा, पाठ छान आहे. पण पाटीवर अक्षरं नाहीयेत."

"मग काय आहे?"

"कड्या आहेत. कुठली कडी कुठल्या बाजूने तुटलीय ते सांगायचंय."

"हां, मग तसं सांगा ना," बेकतुर्गान म्हणाला आणि दुसरा डोळा झाकून त्याने तीच अक्षरं पुन्हा म्हटली.

लायसन तिथेच टेबलावर राहिलं.

आता त्याचं घर कुठे, तर शहराबाहेरच्या आमच्या वस्तीचं शेवटचं. त्याच्यापुढे सफरचंदांच्या बागा आणि त्याच्यापुढे वारा. ताजी नान हवी तर चार किलोमीटर. हमाम सहा. दवाखाना सात. दिवसातून दोनदा बस, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने. पहिल्या आठवड्यात बेकतुर्गानने चार वेळा लोकांना "मला जरा सोडता का?" असं विचारलं आणि पाचव्या वेळी विचारायच्या आधी तो विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. ते राबिगाने खिडकीतून पाहिलं. तिनेच अस्तानाला मुलाला फोन लावला.

मुलगा दौलेतखान गुणी आहे, काही म्हणायला जागा नाही. तो बापाला म्हणाला, "कोके, घर विका आणि इकडे या. सतराव्या मजल्यावर तुमची वेगळी खोली आहे. खाली आठ पदरी रस्ता. जिथे म्हणाल तिथे आम्ही गाडीने नेऊ."

त्या 'आम्ही नेऊ'ने म्हातारा जो बिथरला तो बिथरलाच. अडतीस वर्षं ज्याने दुधाचा थेंब सांडू दिला नाही, त्याला आता मागच्या सीटवर पट्टा बांधून नान आणायला नेणार!

"घर विकतो," तो म्हणाला, "पण येणार नाही. इथेच ताराझमध्ये अशी जागा बघतो की नान, हमाम, दवाखाना आणि खेळायला एखादा भिडू, सगळं माझ्या पायाने. कोणाला विचारायचं नाही आणि कोणाची वाट बघायची नाही."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर सतरावा मजला. पहिला बर्फ पडेपर्यंत मुदत दे."

घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. त्यांच्या घरात लग्न होतं, त्यांनाही बर्फाआधी ताबा हवा होता. म्हणजे मुदत दोन्हीकडून पक्की झाली. सप्टेंबर संपत आला होता. इकडे जागा मिळाली तर म्हातारा स्वतःच्या पायांवर उभा, नाही तर सतराव्या मजल्यावरचं सामान.

कामाला लागला तो ड्रायव्हरच्याच पद्धतीने. वहीत रोजचा ट्रिपचा कागद आखला: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, थांबे, रस्त्याची अवस्था. सकाळी दारात बसून आधी बुटांच्या टाचा हातोडीने ठोकून बघायचा, टायर बघावेत तशा.

"हवा भरली का?" राबिगा विचारायची.

"तू हस. डाव्या टाचेत खडा होता."

शहरात बसमधून उतरला की फुटपाथच्या उजव्या कडेने चालायचा. वळायच्या आधी हात बाहेर काढायचा. दोनशे पावलांनंतर बाकावर बसून दहा मिनिटं इंजिन थंड करायचा. एकदा समोरून बाबागाडी घेऊन एक बाई आली तर हा मागे मागे जात थेट कोपऱ्यापर्यंत गेला, कारण चढावर येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते.

पहिल्यांदा त्याने हमामजवळची आळी धरली. तीन दिवस तो त्या आळीतून वर-खाली, वर-खाली. नानवाल्या भट्टीपर्यंत एकशे दहा पावलं, हमामपर्यंत नव्वद. सगळं वहीत. तिसऱ्या दिवशी भट्टीवरची दामेली अपा, म्हणजे आळीची ताई, कमरेवर हात ठेवून बाहेर आली. अंगाने भट्टीएवढीच, आणि तेवढीच गरम.

"ओ दादा! तीन दिवस बघतेय. वीजवाले का तुम्ही?"

"नाही हो अपा. राहायला यायचं म्हणतोय इकडे. म्हणून जरा…"

'म्हणून जरा'च्या पुढचं तिने ऐकूनच घेतलं नाही. राहायला येणारा माणूस तीन दिवस आळीत उपाशी फिरतोय आणि अजून कोणी त्याला जेवायला घातलेलं नाही! नव्या शेजाऱ्याला आधीच्यांनी जेवू घालायचं, त्याच्या घरची चूल पेटायच्या आत. हे एरुलिक. ते चुकलं तर अख्ख्या आळीची मान खाली. आणि ते पहिलं कोणी घातलं यावरून बायकांमध्ये पुढची वीस वर्षं बोललं जातं.

"बसा!" दामेली अपा म्हणाली. "बसा म्हणते ना!"

तासाभरात बेशबरमाकचं ताट आलं, लाटलेल्या पोळ्यांवर मटणाचा डोंगर. शिवाय पाहुण्याचा मान म्हणून बोकडाचं मुंडकं बेकतुर्गानच्या पुढ्यात. सकाळपासून त्याने दोन बाउरसाकांवर, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांवर, दिवस काढला होता. "अहो, मी अजून फक्त बघतोय" हे वाक्य त्याने तोंडात आणलं होतं, पण तेवढ्यात तिथे मटण आलं. आणि एकदा त्याने मुंडक्याचा कान कापून पोरांना वाटला, आळीला दुवा दिली, की मग राहिलं काय? एरुलिक खाल्लेला माणूस शेजारी झाला. घर घेतलंय की नाही ही बारीकसारीक बाब.

वहीत त्या दिवशी नोंद: "थांबा, चार तास. रस्ता उत्तम."

पण ड्रायव्हर एका रस्त्यावर भागवत नाही. भिडू मिळाला नव्हता. म्हणून पुढच्या आठवड्यात तो कालव्याकाठच्या वस्तीत गेला. तिथे गणिताचे निवृत्त मास्तर तोल्गानबाय झाडाखाली लाकडी पाट मांडून बसलेले. पाटाच्या खळग्यांत गोट्या टाकत एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते आणि हरत होते.

"इकडे राहायला येणार?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे, अजून ठरलं नाही, पण…"

"बसा. काळ्या तुमच्या."

पहिला डाव संपायच्या आत मास्तरांच्या सुनेने चूल पेटवली होती. इथलं मुंडकं जरा मोठंच होतं. आणि चहा! सून प्रत्येक वेळी प्याला अर्धाच भरायची. प्याला काठोकाठ भरून दिला की पाहुण्याने उठायचं, पण ती काही भरेना. बेकतुर्गान एकोणीस अर्धे प्याले प्यायला आणि शेवटची बस चुकू नये म्हणून "जनावरांना पाणी घालायचंय" असं खोटं सांगून निसटला. त्याच्याकडे जनावर म्हणून कोंबड्या होत्या, त्याही आता एक कमी.

तिसरी जागा बाजारामागची, चार मजली इमारतींची. दवाखाना अगदी लागून. इथे तो मनाशी ठरवून गेला होता की तोंड उघडायचं नाही, नुसतं चालायचं. पण तिथल्या सगळ्या जिन्यांची कारभारीण होती रोझा कार्लोव्ना. आजा जर्मन, ती स्वतः ताराझची. तिच्या खिडकीला पडदा नाही, कारण पडदा सरकवण्यात वेळ जातो.

"महाशय," ती दुसऱ्या मजल्यावरून ओरडली, "तुम्ही माझ्या बाकावर आज सातव्यांदा बसलात. एक तर तुम्ही चोर आहात नाही तर नवे भाडेकरू."

आता काय सांगणार? बेकतुर्गान म्हणाला, "चोर नाही."

"मग वर या."

रोझा कार्लोव्नाने कोबी भरलेला, वळकटीसारखा भला मोठा रोल केला होता, पण रीत तिला आपल्यापेक्षा पक्की माहीत. खालच्या मजल्यावरून मुंडकंही मागवून घेतलं. बेकतुर्गान त्या मुंडक्याकडे बघत राहिला. महिन्याभरातलं तिसरं. मुंडकंही त्याच्याकडे ओळखीच्या नजरेने बघतंय असं त्याला वाटलं.

खरी गंमत इथून पुढे. शेजारी झालं म्हणजे नुसतं खाऊन चालत नाही. हमामच्या आळीत दामेली अपाच्या दिराची भिंत लिंपायची होती, सगळी आळी जमणार, शेजारी म्हणून बेके, म्हणजे आपला बेकतुर्गान, हवेतच. कालव्याकाठी कोणाच्या नातवाला चाळीस दिवस झाले, चाळीस चमच्यांनी आंघोळ, बेके हवेतच. इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, तिथे तर जायलाच हवं. बरं, वाहन नाही. सकाळी भिंतीचा चिखल तुडवायचा, दुपारी चिखलाच्या पायांनी बाळाच्या डोक्यावर चमच्याने पाणी घालायचं आणि संध्याकाळी त्याच ओल्या बाह्यांनी आजोबांच्या मुलाच्या गळ्यात पडून रडायचं. एकदा घाईत त्याने उलटं केलं. मयताच्या घरी "वंश वाढो" म्हणाला आणि बारशाच्या घरी हुंदका काढला. दोन्हीकडे लोकांनी केवढा मायाळू माणूस म्हणून कौतुकच केलं.

ऑक्टोबर सरता सरता तो दिवसाला वीस हजार पावलं चालत होता. पोट वाढलं, पोटऱ्याही वाढल्या. वहीची पानं संपली. कालव्याकाठच्यांनी त्याला रस्त्याचा प्रमुख निवडलं. इमारतीत दोन शेजाऱ्यांमध्ये गाडी कुठे लावायची यावरून भांडण होतं, ते त्याने मिटवलं. दोघांनाही गाड्या विकायला लावल्या. आणि या सगळ्या गडबडीत एक लहानसं काम राहून गेलं. तिन्ही वस्त्यांत मिळून त्याने एकसुद्धा घर पाहिलं नाही.

त्याला कोणी विचारलंही नाही. आळीच्या वरच्या टोकाच्या लोकांना वाटे तो खालच्या टोकाला राहतो, खालच्यांना वाटे वरच्या.

बातमी आमच्या वस्तीत आणली बसच्या ड्रायव्हरने. तो राबिगाला म्हणाला, "अपा, राग मानू नका. पण तुमच्या बेकेंना हमामच्या आळीत 'आमचे बेके' म्हणतात. कालव्यावर पण 'आमचे' म्हणतात. आणि बाजारामागे एक बाई आहे, ती तर त्यांना खिडकीतून हाका मारते."

आता आमच्या वस्तीतल्या बायकांना एवढं पुरे. दुपारपर्यंत बेकतुर्गानला तीन बायका झाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत एकीला दिवस गेले.

राबिगाने डोक्याला नवा रुमाल बांधला आणि सकाळची बस धरली. नवऱ्याला सांगितलं, "आज मी पण येते."

"कशाला? तुझे गुडघे…"

"गुडघ्यांनाच बघायचंय, अहो म्हातारबुवा, की तुम्ही कुठे कुठे राहता."

हमामच्या आळीत पाऊल ठेवलं नाही तोच दामेली अपाने तिला पोटाशी धरलं. "आली ग बाई आमची वहिनी! महिना झाला म्हणतेय, बायकोला का दाखवत नाही हा माणूस!" राबिगा सवतीला शोधायला आली होती. तिला मटण मिळालं. कालव्याकाठी तिला मटण आणि चौदा अर्धे प्याले मिळाले. इमारतीत रोझा कार्लोव्नाने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "महाशयांपेक्षा तुम्ही बऱ्या दिसता," आणि अख्खा रोल बांधून दिला.

तिथून बाहेर पडताना राबिगाने विचारलं, "छान आहेत हो माणसं. आता आपलं घर दाखवा."

बेकतुर्गानने हात दाखवून डावीकडे वळण घेतलं.

"अहो, घर?"

"घर… तेवढं बघायचं राहिलंय."

"तीन मुंडकी खाल्लीत तुम्ही! बर्फाला जेमतेम दहा दिवस उरले असतील!"

"बघू कसं, सांग ना!" म्हातारा फुटपाथवरच थांबला. "आळीत घेतलं तर मास्तरांना तोंड कसं दाखवू? त्यांच्या बाजूला घेतलं तर ती भट्टीवाली मला भट्टीतच घालेल. रोझा कार्लोव्ना तर वरून पाणी ओतेल. सगळ्यांचं खाल्लंय ग मी. एकाचा झालो तर दोघांचा चोर. त्यापेक्षा सतरावा मजला बरा, तिथे कोणी ओळखत तरी नाही."

हे म्हणताना त्याचा आवाज विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या त्या माणसाचा होता. राबिगाला भांडायचं होतं, पण तिच्याने पुढचं पाऊल टाकवेना. पोटात दोन जेवणं, हातात रोल, गुडघे दगड झालेले. तिथे तिन्हीकडचे रस्ते येऊन मिळतात. कोपऱ्यावर दोन खोल्यांचं एक ठेंगणं घर, निळी खिडकी, पुढे तीन पायऱ्या. राबिगा मधल्या पायरीवर धपकन बसली.

"मी इथून उठणार नाही," ती म्हणाली.

"अगं, कोणाचं तरी घर आहे."

"कोणाचं नाही. ही बघा पाटी. विकणे आहे."

त्या घरासमोरून बेकतुर्गान महिन्याभरात दोनशेदा तरी गेला असेल. पाटी त्याला दिसलीच नव्हती. दिसणार कशी, ती काही त्याला पाठ नव्हती! त्याने वही काढली. मागच्या पुठ्ठ्यावर जागा होती. पायरीपासून भट्टी एकशे चाळीस पावलं. हमाम दोनशे तीस. मास्तरांचं झाड तीनशे. दवाखाना चारशे. त्याने दोनदा मोजलं, मग बायकोकडे असं बघितलं जसं तिनेच शहर वसवलंय.

घरमालकीण लेकीकडे राहायला गेली होती, तिलाही ते घर गळ्यातून काढायचंच होतं. आठवड्यात व्यवहार झाला. तिन्ही वस्त्या खूश. दामेली अपा म्हणाली, शेवटी आमच्याच आळीच्या तोंडाशी घेतलं. मास्तर म्हणाले, मोजून बघा, कालव्याच्या हद्दीत येतं. रोझा कार्लोव्नाने खिडकीतून ते घर दिसावं म्हणून समोरच्या झाडाची एक फांदी तोडून घेतली.

दौलेतखान ट्रक घेऊन आला त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. शेवटची पेटी आत गेली आणि पहिला बर्फ पडायला लागला. चुलीचं धुराडं बसवायचं होतं, भांडी कुठल्या पेटीत ते राबिगाला सापडेना. तिघं पेट्यांवर बसले. कोणीतरी मटण घेऊन येईल म्हणून वाट बघू लागले. नव्या शेजाऱ्याकडे कोण येणार नाही?

कोणी आलं नाही. का येईल? तिन्ही वस्त्यांनी त्याला कधीच जेवू घातलं होतं. हा आता जुना शेजारी. जुन्या शेजाऱ्याला कोण एरुलिक घालतं?

तास गेला. दौलेतखान उठला, खिशात किल्ली वाजवली. "चला कोके, कंटाळलो. गाडीने जाऊन काहीतरी घेऊन येऊ. तुम्ही बसा पुढे, मी…"

"तू बस," बेकतुर्गान म्हणाला.

"अहो, बाहेर बर्फ आहे. तुमचे डोळे…"

"तू बस म्हटलं ना!" ते राबिगा म्हणाली. आणि मुलगा पुन्हा पेटीवर टेकला तशी तिने त्याच्या मांडीवर सुरयांची पेटी ठेवली. चिनी मातीच्या, हुंड्यातल्या. आता तो हलणं शक्य नव्हतं.

बेकतुर्गान तीन पायऱ्या उतरला. रस्ता पांढरा, कडा दिसत नव्हती. पण पाय घातला की पायाला कळत होतं, हा उतार, ही गटाराची झाकणी, इथे बाक. खिडकीतून दौलेतखानला बाप दिसेनासा झाला. तो पेटीखाली घड्याळ बघत बसला. पाच मिनिटं. आठ. दहा.

"आई, जाऊ का?"

"सुरया फुटतील."

बाराव्या मिनिटाला दार उघडलं. टोपीवर बर्फ, कोटाच्या आत दोन गरम नान, एकीचा कोपरा खाल्लेला. कोणी थांबवलं नव्हतं. बर्फात सगळे घरात होते. दामेली अपाने भट्टीच्या भोकातून नान दिली आणि "काय बेके, थंडी पडली" एवढंच म्हणाली, जसं काही हा तीस वर्षं तिच्याकडूनच नान नेतोय.

तिघांनी उभ्याने नान खाल्ली. दौलेतखानने सतराव्या मजल्याचं नाव काढलं नाही. त्याचं तोंड भरलेलं होतं.

"मीठ राहिलं," राबिगा म्हणाली.

बेकतुर्गान लगेच टोपी घालून निघाला. मीठ घेऊन आला. मग तिला चहापत्ती हवी होती, तो गेला. आला. मग कांदे सांगितले. तो गेला आणि एक कांदा घेऊन आला.

"एकच?"

"दुसरा आणतो की," तो म्हणाला आणि दार न लावताच पुन्हा पायऱ्या उतरला.